वास्तुकला शिक्षणातील अभिकल्प प्रकल्प

वास्तुकला शिक्षणातील अभिकल्प प्रकल्प म्हणजे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक गरजांसाठी केलेली एखाद्या इमारतीची संपूर्ण रचना होय. ही रचना नकाशे, छेदचित्रे, दर्शनी चित्रे आणि प्रतिकृती यांच्या स्वरूपात मांडली जाते. ती सहसा प्रत्यक्ष बांधली जात नाही. तरीही जगभरातील बहुतेक वास्तुकला महाविद्यालयांत अभ्यासक्रमाचा सर्वाधिक वेळ याच कामासाठी राखलेला असतो. सुरुवातीच्या काळात विद्यार्थी छोटा निवारा किंवा घर यांची रचना करतो. त्यानंतर शाळा, ग्रंथालय, रुग्णालय, नाट्यगृह, बसस्थानक यांसारख्या सार्वजनिक इमारती आणि कार्यालये, हॉटेल, बाजारसंकुल यांसारख्या व्यापारी इमारती यांचे प्रकल्प दिले जातात. घर कोणासाठी बांधायचे हे ठाऊक असते. सार्वजनिक इमारतीचा वापर करणारी माणसे मात्र रचनाकाराच्या परिचयाची नसतात आणि त्यांच्याशी त्याचा संवादही झालेला नसतो. या अपरिचितांच्या गरजा, सोय आणि सुरक्षितता यांचा आधीच विचार करण्याची सवय लावणे, हा अशा प्रकल्पांचा मुख्य शैक्षणिक हेतू मानला जातो.

इतिहास

अभिकल्प प्रकल्पाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय प्रामुख्याने फ्रान्समधील वास्तुकला शिक्षणाकडे जाते. तेथे १७२० पासून वास्तुकलेतील सर्वोच्च विद्यार्थी पारितोषिक, म्हणजेच ‘प्री द रोम’, दिले जाऊ लागले. विजेत्याला रोममधील फ्रेंच अकादमीत राहून अभ्यास करण्याची संधी मिळत असे. स्पर्धेचे विषय बहुधा मोठ्या सार्वजनिक इमारतींचे असत. आंरी लाब्रुस्त यांना १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीच्या रचनेसाठी, तर तोनी गार्निए यांना १८९९ मध्ये एका राष्ट्रीय बँकेच्या मुख्यालयाच्या रचनेसाठी हे पारितोषिक मिळाले. लाब्रुस्त पुढे पॅरिसमधील सेंट-जेनेव्हिएव्ह ग्रंथालयाचे रचनाकार म्हणून प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात लोखंडी कमानी उघडपणे वापरलेल्या आहेत.

पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेत विद्यार्थ्याला एकांतात बसून, ठरावीक तासांत प्राथमिक रेखाटन सादर करावे लागे. नंतरच्या सविस्तर चित्रांत त्या मूळ कल्पनेपासून दूर जाण्यास मनाई होती. पूर्ण झालेली चित्रे गोळा करणाऱ्या हातगाडीच्या फ्रेंच नावावरून ‘शारेत’ हा शब्द रूढ झाला. अंतिम मुदतीपूर्वीच्या धावपळीच्या कामासाठी तो आजही वापरला जातो. ‘प्री द रोम’ १९६८ मध्ये बंद करण्यात आले.

विसाव्या शतकात या पद्धतीला पर्याय निर्माण झाले. १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउसमध्ये साहित्य आणि कारागिरी यांच्या प्रत्यक्ष हाताळणीवर भर होता; तेथे वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग मात्र १९२७ मध्ये सुरू झाला. मॉस्को येथे १९२० मध्ये स्थापन झालेल्या व्हखुतेमास या संस्थेत नव्या समाजव्यवस्थेसाठी नव्या प्रकारच्या सार्वजनिक इमारती कशा असाव्यात, हा विद्यार्थी प्रकल्पांचा विषय बनला.

भारतात

मुंबईतील सर जे. जे. कला विद्यालयाची स्थापना १८५७ मध्ये झाली. तेथेच पुढे वास्तुकलेचे औपचारिक शिक्षण सुरू झाले. या विद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली आणि वास्तुविशारद जॉर्ज विटेट हे तिचे अध्यक्ष झाले. याच संघटनेतून पुढे १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही देशव्यापी संस्था आकाराला आली. क्लॉड बॅटली यांच्या काळात विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन अचूक चित्रे काढण्याचे शिक्षण दिले जाई. मापनचित्रांची ही परंपरा आजही अनेक महाविद्यालयांत टिकून आहे. अहमदाबाद येथे बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये वास्तुकला विद्यालय सुरू झाले. तेथे वर्गखोलीपेक्षा खुल्या स्टुडिओला अधिक महत्त्व देण्यात आले.

वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार स्थापन झालेली वास्तुकला परिषद शिक्षणाची किमान मानके ठरवते. पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. त्यात प्रत्यक्ष कार्यालयीन प्रशिक्षणाचा काळ अंतर्भूत असतो आणि शेवटी विद्यार्थ्याला स्वतः विषय निवडून प्रबंध प्रकल्प करावा लागतो.

कार्यपद्धती

प्रकल्पाची सुरुवात शिक्षकांनी दिलेल्या लेखी विवरणाने होते. विद्यार्थ्यांमध्ये त्याला ‘ब्रीफ’ म्हणतात. त्यात जागेचा नकाशा, आवश्यक दालनांची यादी, त्यांची क्षेत्रफळे आणि वापरकर्त्यांची अंदाजे संख्या दिलेली असते. त्यानंतरचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात :

• जागेची पाहणी : जमिनीचा उतार, सूर्याची दिशा, पावसाळी वारे, झाडे, रस्ते आणि शेजारच्या इमारती यांची नोंद केली जाते.
• उदाहरणांचा अभ्यास : त्याच प्रकारच्या बांधलेल्या इमारतींना भेट देऊन त्या कशा वापरल्या जातात हे पाहिले जाते.
• संबंधचित्र : कोणते दालन कोणत्या दालनाजवळ असावे हे वर्तुळे व रेषा यांनी दाखवले जाते. याला बबल डायग्राम म्हणतात.
• संकल्पना आणि विकास : कच्ची रेखाटने आणि कागदी प्रतिकृती यांच्या आधारे रचना पुन्हा पुन्हा बदलली जाते.
• अंतिम सादरीकरण : स्थळनकाशा, प्रत्येक मजल्याचा नकाशा, छेदचित्रे, दर्शनी चित्रे आणि प्रतिकृती परीक्षकांपुढे मांडली जातात.

या प्रक्रियेचे एक प्रसिद्ध विश्लेषण अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या ग्रंथात केले आहे. त्यांनी घेतलेले उदाहरण उतारावरील प्राथमिक शाळेच्या विद्यार्थी प्रकल्पाचे आहे. विद्यार्थिनीने वर्गखोल्या इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात जोडल्या आहेत, पण इमारतीचा उताराशी मेळ बसत नसल्याने तिचे काम अडले आहे. शिक्षक तिच्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवतात आणि बोलता बोलता रेखाटू लागतात. प्रत्येक रेषेनंतर जागा काही नवे दाखवते आणि पुढची रेषा त्यानुसार ठरते. शॉन यांच्या मते हे ज्ञान नियमांच्या यादीतून शिकवता येत नाही. ते करत असतानाच कळते.

सार्वजनिक इमारतींचे प्रकल्प

सार्वजनिक इमारतींत सर्वांत कठीण प्रश्न वेगवेगळ्या लोकांच्या वाटांचा असतो. न्यायालयात न्यायाधीश, कोठडीतील आरोपी आणि सामान्य जनता या तिघांचे मार्ग न्यायदालनात पोहोचेपर्यंत एकमेकांना छेदू नयेत, अशी अपेक्षा असते. रुग्णालयात अपघातग्रस्तांचे प्रवेशद्वार बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीपासून वेगळे ठेवावे लागते आणि स्वच्छ व वापरलेल्या साहित्याच्या वाटा वेगळ्या कराव्या लागतात. बसस्थानकात प्रवाशाला फलाटापर्यंत जाताना बसचा मार्ग शक्यतो ओलांडावा लागू नये. ग्रंथालयात वाचकाला भरपूर उजेड हवा असतो, परंतु थेट उन्हामुळे पुस्तके खराब होतात.

नाट्यगृहाचा प्रकल्प वरच्या वर्षांना दिला जातो. प्रत्येक आसनावरून रंगमंच दिसला पाहिजे, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे आणि मध्यंतरात एकाच वेळी बाहेर येणाऱ्या प्रेक्षकांना पुरेसे दालन मिळाले पाहिजे. मराठी नाटके गावोगावी दौरे करतात. त्यामुळे नेपथ्याचे वाहन रंगमंचाच्या मागील दारापर्यंत पोहोचेल अशी सोयही विचारात घ्यावी लागते. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर आणि चार्ल्स कोरिया यांनी रचलेली पणजीतील कला अकादमी ही अशा अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरणे आहेत. भाजीबाजाराच्या रचनेसाठी पुण्याची १८८६ मधील महात्मा फुले मंडई अभ्यासता येते. उंच छतामुळे उष्ण हवा वर जाणे आणि मध्यवर्ती भागातून गाळ्यांच्या रांगा फुटणे ही तिची वैशिष्ट्ये आहेत.

व्यापारी इमारतींचे प्रकल्प

व्यापारी इमारतीत रचनेबरोबर हिशेबही येतो. भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय, ठरवतो. उदाहरणार्थ, २,००० चौरस मीटर भूखंडावर निर्देशांक २ असेल, तर सरळ हिशेबाने ४,००० चौरस मीटर बांधकाम करता येते. त्यातील ३० टक्के क्षेत्र जिने, उद्वाहक, मार्गिका आणि प्रसाधनगृहे यांत गेले, तर भाड्याने देण्याजोगे क्षेत्र २,८०० चौरस मीटर उरते. महाराष्ट्रातील विद्यार्थी यासाठी मुंबईची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ किंवा राज्यातील बहुतेक अन्य भागांना लागू असलेली २०२० ची एकीकृत नियमावली वापरतात.

खांबांमधील अंतर हा दुसरा कळीचा मुद्दा आहे. एका मोटारीसाठी साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा लागते. तळघरात दोन खांबांच्या मध्ये तीन मोटारी बसवायच्या, तर खांबाची जाडी धरून केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर ८ मीटरपेक्षा थोडे अधिक ठेवावे लागते. हेच खांब वर दुकानांतून व कार्यालयांतून जात असल्याने तळघरातील मोटारी वरच्या मजल्यांचे स्वरूप ठरवतात. बाजारसंकुलात मोठी दुकाने दोन टोकांना ठेवून ग्राहकाला मधल्या छोट्या दुकानांसमोरून चालायला लावण्याची रूढ पद्धत आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले, व्हिक्टर ग्रुएन यांनी रचलेले साउथडेल सेंटर हे पूर्णतः बंदिस्त बाजारसंकुलाचे आरंभीचे उदाहरण मानले जाते. विद्यार्थ्याला नफ्याचा हा हिशेब समजून घ्यावा लागतो. त्याच वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या, काहीही विकत न घेणाऱ्या माणसाला ही इमारत काय देते, याचेही उत्तर द्यावे लागते.

सुरक्षितता आणि सुगम्यता

राष्ट्रीय इमारत संहिता वापरानुसार इमारतींचे गट पाडते. शैक्षणिक, संस्थात्मक, सभागृहे, कार्यालये आणि व्यापारी इमारती यांचे स्वतंत्र गट आहेत. प्रत्येक गटासाठी जिन्यांची संख्या, दारांची रुंदी आणि बाहेर पडण्याच्या दारापर्यंतचे कमाल अंतर यांचे नियम दिलेले आहेत. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. वाहनतळातील रोहित्रापासून सुरू झालेल्या आगीचा धूर सभागृहात शिरला आणि बाल्कनीत वाढवलेल्या आसनांमुळे बाहेर पडण्याचा मार्ग अडला होता. नकाशावरील एका मार्गिकेची रुंदी किती महत्त्वाची असते, हे या घटनेतून दिसते.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नंतर सुगम्यता ही कायदेशीर अट झाली आहे. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार १ : १२ पेक्षा तीव्र नसावा आणि दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर असावी, ही मापे विद्यार्थ्यांना सुरुवातीपासून वापरावी लागतात. ४५० मिलिमीटर उंच जोत्यासाठी असा उतार ५.४ मीटर लांब होतो. त्यामुळे तो प्रवेशाच्या मूळ कल्पनेतच अंतर्भूत करावा लागतो. शेवटी जोडल्यास त्याला जागा उरत नाही.

मूल्यमापन

प्रकल्पाचे परीक्षण ‘ज्युरी’ या खुल्या पद्धतीने होते. विद्यार्थी आपली चित्रे भिंतीवर लावून रचनेचे समर्थन करतो. बाहेरून आलेले वास्तुविशारद आणि शिक्षक प्रश्न विचारतात. मधल्या टप्प्यांवरील अनौपचारिक परीक्षणाला ‘क्रिट’ म्हणतात. संकल्पनेची स्पष्टता, जागेचा विचार, मार्गांची सुसंगती, बांधकामाची शक्यता आणि सादरीकरण हे प्रमुख निकष असतात. महाविद्यालयाबाहेर ‘नासा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी वास्तुकला विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी अभिकल्प आणि दस्तऐवजीकरण यांच्या स्पर्धा घेते.

उल्लेखनीय विद्यार्थी प्रकल्प

इव्हान लिओनिदोव्ह यांचा १९२७ मधील पदविका प्रकल्प मॉस्कोतील लेनिन ग्रंथालय संस्थेचा होता. त्यात दीड कोटी ग्रंथांसाठी एक सडपातळ मनोरा आणि ४,००० लोकांसाठी काचेचे गोलाकार सभागृह होते. प्रकल्पाने त्यांना ख्याती मिळवून दिली. मात्र १९३० मध्ये त्यांच्या शैलीवर तीव्र राजकीय टीका झाली आणि त्यांच्या फारच थोड्या रचना पुढे प्रत्यक्षात आल्या.

झाहा हदीद यांनी लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये १९७६–७७ मध्ये टेम्स नदीवरील हंगरफर्ड पुलावर चौदा पातळ्यांचे हॉटेल कल्पिले. रशियन चित्रकार मालेविच यांच्या भौमितिक रचनांवर ते आधारलेले होते. त्यांची पहिली मोठी इमारत, जर्मनीतील व्हिट्रा अग्निशमन केंद्र, १९९३ मध्ये पूर्ण झाली.

माया लिन यांनी येल विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेताना वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या स्मारकाची रचना केली. १९८१ च्या खुल्या स्पर्धेत नावे झाकून तपासलेल्या १,४२१ प्रवेशिकांमधून ती निवडली गेली. त्या वेळी त्यांचे वय २१ वर्षे होते. जमिनीत उतरत जाणाऱ्या, मृतांची नावे कोरलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती असे तिचे स्वरूप आहे. रचनेला विरोध झाला, तरी १९८२ मध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले. विद्यार्थिदशेतील रचना सार्वजनिक वास्तू म्हणून प्रत्यक्षात आल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

टीका आणि मर्यादा

ज्युरी पद्धतीत शिकण्यापेक्षा बचावाला अधिक महत्त्व येते, अशी टीका केली जाते. कॅथरिन अँथनी यांच्या १९९१ मधील ‘डिझाइन ज्युरीज ऑन ट्रायल’ या पुस्तकात या पद्धतीची चिकित्सा आढळते. अमेरिकेतील वास्तुकला विद्यार्थ्यांच्या संघटनेने २००२ मध्ये स्टुडिओ संस्कृतीवर अहवाल प्रसिद्ध करून रात्रीची जागरणे आणि आरोग्याकडे होणारे दुर्लक्ष यांवर बोट ठेवले.

दुसरी मर्यादा प्रकल्पाच्या स्वरूपातच आहे. विद्यार्थ्याची इमारत बांधली जात नसल्याने तिच्यातील चुका वापरातून उघड होत नाहीत. प्रत्यक्ष ग्राहक, खर्चाची मर्यादा आणि देखभाल करणारे कर्मचारी यांच्याशी त्याचा संबंध येत नाही. त्यामुळे काही महाविद्यालये प्रकल्पासाठी खरी जागा निवडतात, तेथील रहिवासी, फेरीवाले आणि कर्मचारी यांच्या मुलाखती घ्यायला लावतात, किंवा छोटी रचना विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष बांधून घेतात. वापरकर्त्याचा अंदाज बांधण्याऐवजी त्याला विचारावे, हे या बदलांमागील सूत्र आहे.