कंपवात : आकलनाचा इतिहास

विश्रांत अवयवाचा कंप, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा आणि पुढे तोल सांभाळण्यातील अडचण ही कंपवाताची (पार्किन्सन रोगाची) प्रमुख लक्षणे होत. हात थरथरला की कंपवात झाला, ही समजूत बरोबर नाही. पेला उचलताना किंवा लिहिताना वाढणारा कंप बहुधा निराळा व पुष्कळदा आनुवंशिक असतो. कंपवातात मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कापतो व हालचाल सुरू होताच कंप सामान्यतः कमी होतो. काही रुग्णांत तर कंप नसतोच.

माधवनिदानात सर्वांगाच्या व मस्तकाच्या कंपाला ‘वेपथु’ म्हटले आहे. पण ते वर्णन याच रोगाचे होय, असे ठामपणे म्हणता येत नाही. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी काही त्यांना केवळ रस्त्यात दिसले होते. त्यांनी या रोगाला पक्षाघातात गणले. पुढे फ्रेंच तंत्रिकातज्ञ झां मार्तँ शार्को यांनी रुग्णाचे बळ बरेचसे टिकून असते हे दाखवून ते नाव नाकारले आणि रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. मध्यमस्तिष्कातील काळसर कोशिकांचा या रोगात ऱ्हास होतो, हे १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांनी दाखविले. तरी त्या कोशिकांचे कार्य अज्ञातच राहिले.

हा उलगडा एका भारतीय वनस्पतीच्या आधारे झाला. मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी १९४९ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे तिच्याकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. १९५७ मध्ये स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिनाने निश्चल झालेल्या सशांना डोपा टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकीविच यांना मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामिनाची मोठी उणीव आढळली. पुढच्याच वर्षी बिर्कमायर व हॉर्निकीविच यांनी एल-डोपा शिरेतून दिले असता अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण काही तासांपुरते उठून चालू लागले. वैद्यकाच्या इतिहासात असे प्रसंग विरळाच. जॉर्ज कॉट्झियस यांनी १९६७ मध्ये मात्रा क्रमाक्रमाने वाढवून तोंडाने देण्याची पद्धत रूढ केली. खाजकुहिलीच्या बियांतून एल-डोपा तत्पूर्वीच, १९३७ मध्ये, दामोदरन व रामस्वामी यांनी वेगळे केले होते. मात्र बियांतील त्याचे प्रमाण अनिश्चित असल्यामुळे त्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे ठरते.

एल-डोपाने उणीव भरून निघते, कोशिकांचा ऱ्हास थांबत नाही. काही वर्षांनी औषधाचा प्रभाव लवकर ओसरू लागतो व अनैच्छिक हालचाली उद्भवतात. मनोविकार व वांती यांवरील काही औषधांनीही कंपवातासारखी लक्षणे निर्माण होतात आणि वैद्याच्या सल्ल्याने ती थांबविल्यावर बहुधा नाहीशी होतात; त्यामुळे निदानापूर्वी रुग्णाच्या चालू औषधांची चौकशी करणे आवश्यक असते.