महाराष्ट्रगीताचे नागपूरकर कवी

आपल्या समारंभांतून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत सुरू झाले की लहानथोर सारे उभे राहतात. गाणारे शाहीर साबळे सर्वांच्या स्मरणात आहेत. चाल बांधणारे श्रीनिवास खळे यांचे नावही रसिक आदराने घेतात. परंतु शब्द कोणाचे, असे विचारले असता पुष्कळांना थांबावे लागते. ते शब्द राजा बढे यांचे, आणि राजा बढे आपल्या नागपूरचे! नागपुरातच त्यांचा विसर पडावा याची आम्हांस खंत वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

बढे यांचा जन्म १९१२ साली नागपुरात झाला. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. त्यांच्या तारुण्यात मराठी भावगीत तबकडीवर आले, आणि त्या आरंभातही विदर्भाचा वाटा होता. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या कंठातून घरोघर पोहोचली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात भाव उभा करावयाचा, गायकाच्या श्वासाला जागा ठेवावयाची आणि ऐकणाऱ्यास प्रथमश्रवणीच अर्थ कळला पाहिजे! गीतलेखन म्हणजे हलके काव्य, असे मानणाऱ्यांनी ही अट एकवार पाळून पाहावी.

बढे यांनी ती आयुष्यभर पाळली. १९४३ च्या ‘रामराज्य’ या चित्रपटाच्या मराठी आवृत्तीसाठी त्यांनी गीते लिहिली. ज्योत्स्ना भोळे यांनी गायिलेले ‘माझिया माहेरा जा’, आशा भोसले यांचे ‘चांदणे शिंपीत जाशी’ आणि सुलोचना चव्हाण यांची ‘कळीदार कपूरी पान’ ही लावणी, ही तिन्ही एकाच लेखणीची अपत्ये होत. सासुरवाशिणीची ओढ, प्रणयाची तरलता आणि लावणीचा ठसका यांपैकी कोणताही भाव त्यांस परका नव्हता. प्राकृत ‘गाथासप्तशती’चा ‘शेफालिका’ हा मराठी अवतारही त्यांचाच. थोड्या शब्दांत पुष्कळ सांगण्याची त्या गाथांची रीत त्यांच्या गीतांतही दिसते.

१९५६ साली नागपूरचे राजधानीपद गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. वेगळ्या विदर्भाची मागणी तेव्हाही होती, आजही आहे. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु अवघ्या महाराष्ट्राला एका सुरात बांधणारे गीत एका नागपूरकराने लिहिले, आणि त्यातील नद्यांच्या नामावळीत गोदा-कृष्णांच्या बरोबरीने आपल्या वर्धेला ‘वरदा’ या जुन्या नावाने मान दिला, हे विसरता येत नाही. ७ एप्रिल १९७७ रोजी बढे निवर्तले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून शासनाने हे गीत राज्यगीत म्हणून अंगीकारले. हा मान पाहावयास कवी नव्हते.

त्यांची ज्ञाती कोणती, याची चौकशी आम्ही केलेली नाही. ज्याचे शब्द साऱ्यांच्या ओठी आहेत, तो साऱ्यांचाच. सभासद कुटुंबांस आमची विनंती इतकीच की, यापुढे हे गीत म्हणण्यापूर्वी मुलांपैकी कोणी एकाने उठून कवीचे नाव मोठ्याने सांगावे. ते ऋण फेडण्यास यापरते सोपे साधन नाही.