काशीतील छापखाना, सरकारी खरेदी आणि मराठी संपादक (१८४५ ते १९३०)

हिंदी प्रदेशातून निघालेले पहिले हिंदी वृत्तपत्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्या ‘बनारस अखबार’चे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते हे मराठी गृहस्थ होते. १८४५ साली राजा शिवप्रसाद यांच्या आश्रयाने निघालेले हे साप्ताहिक शिळाछापावर, हलक्या कागदावर छापले जाई. लिपी देवनागरी, भाषा मात्र उर्दूप्रचुर, असे त्याचे स्वरूप होते. हिंदी साहित्येतिहासकारांनी या विसंगतीबद्दल त्याला बराच दोष दिला आहे. परंतु भाषेच्या शुद्धाशुद्धतेच्या वादात एक प्रश्न मागे पडतो: हे पत्र विकत कोण घेणार होते? कचेऱ्यांतील भाषा उर्दू होती आणि पत्राला पैसा पुरवू शकणारा वर्ग याच कचेऱ्यांशी बांधलेला होता. या दृष्टीने पाहिले असता थत्ते यांच्या पत्राची भाषा ही अभिरुचीपेक्षा आश्रयाची खूण ठरते. बालबोध लिपीचा पिढीजात सराव असलेला काशीकर महाराष्ट्रीय या कामी सोयीचा वाटला असावा, असे अनुमान करता येते.

मुद्रणतंत्र आणि राजाश्रय यांचा हा संबंध काशीत सुरू झाला नव्हता. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ साली काढलेल्या ‘समाचार दर्पण’ला लॉर्ड हेस्टिंग्जने नेहमीच्या दराच्या एकचतुर्थांश टपालहशिलाची सवलत दिली होती. कलकत्त्यातूनच ३० मे १८२६ रोजी निघालेल्या ‘उदंत मार्तंड’ या पहिल्या हिंदी पत्राला मात्र अशी सवलत मिळाली नाही. त्याचे वाचक दूर पश्चिमेकडे होते आणि टपालखर्च पेलण्याजोगा नव्हता. १८२७च्या डिसेंबरात ते बंद पडले. दोन पत्रांच्या आयुष्यातील हा फरक केवळ गुणवत्तेचा नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

मराठीच्या अभ्यासकाला येथे दक्षिणा फंडाचे स्मरण होईल. पेशव्यांची दक्षिणा कंपनी सरकारने कमी प्रमाणात चालू ठेवली आणि १८५०च्या सुमारास तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळवला. वायव्य प्रांतात याला समांतर अशी योजना सर विल्यम म्यूर यांच्या कारकीर्दीत, १८६८ साली जाहीर झाली. नझीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’ला (१८६९) १,००० रुपयांचे पारितोषिक मिळाले, शिवाय सरकारने २,००० प्रती घेतल्या. पंडित गौरीदत्तांच्या ‘देवरानी जेठानी की कहानी’ला (१८७०) १०० रुपये मिळाले. विषय दोहोंचा एकच, स्त्रीशिक्षण आणि घरसंसार. बक्षिसांतील दसपटीच्या अंतराचा सगळा अर्थ भाषेच्या प्रतिष्ठेतच शोधणे योग्य नव्हे. तथापि तुलनात्मक अभ्यासाने हा आकडा दृष्टीआड करू नये.

सरकारी खरेदीचे दुहेरी रूप सर्वांत स्पष्ट दिसते ते भारतेंदु हरिश्चंद्रांच्या उद्योगात. १८६८ साली त्यांनी ‘कविवचनसुधा’ सुरू केली. प्रथम मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक असा तिचा प्रवास झाला. १८७३ साली ‘हरिश्चंद्र मॅगझिन’ निघाले. आठ अंकांनंतर त्याचे ‘हरिश्चंद्र चंद्रिका’ असे नामांतर झाले. १८७४ साली स्त्रियांसाठी ‘बालाबोधिनी’ आली. शिक्षण खाते या पत्रांच्या प्रत्येकी १०० प्रती घेत असे. ज्या काळी वर्गणीदारांची संख्या अगदी तोकडी होती, त्या काळी १०० प्रतींची निश्चित खरेदी म्हणजे कागद, शाई आणि जुळारी यांची तरतूदच होती.

‘हरिश्चंद्र मॅगझिन’ ज्या मेडिकल हॉल प्रेसमध्ये छापले गेले, तो ई. जे. लाझरस यांचा छापखाना होता. सरकारी बनारस कॉलेजचे ‘द पंडित’ हे संस्कृत मासिकही १८६६पासून लाझरस यांच्याकडूनच प्रसिद्ध होई. सरकारी विद्यालयाच्या कामावर नागरी खिळे आणि कसलेले जुळारी पोसले जात होते. त्यांचाच लाभ नव्या हिंदी गद्यालाही झाला. अनुदानाचा हा अप्रत्यक्ष मार्ग कोणत्याही आदेशात नोंदलेला नसतो. आश्रय मात्र अटींचा होता. २३ मार्च १८७४च्या ‘कविवचनसुधे’त स्वदेशी कापडाचे प्रतिज्ञापत्र प्रसिद्ध झाले, उपरोधपर लेखनावर अधिकाऱ्यांची नाराजी वाढत गेली आणि पुढे सरकारी खरेदी थांबली. ‘कविवचनसुधा’ नंतर चिंतामणी धडफळे या मराठी पंडिताकडे गेली. मूळ संपादकाने सोडलेले पत्र चालवण्यात मान थोडा आणि कटकट फार; धडफळ्यांविषयी साहित्येतिहास जवळजवळ मौन पाळतो.

१८९३ साली स्थापन झालेल्या नागरी प्रचारिणी सभेने अनुदानाला संस्थात्मक रूप दिले. १९००पासून हस्तलिखित हिंदी ग्रंथांचा शोध प्रांतिक सरकारच्या साहाय्याने सुरू झाला. त्याच वर्षी जानेवारीत अलाहाबादच्या इंडियन प्रेसने सभेच्या अनुमोदनाने ‘सरस्वती’ मासिक काढले. संस्थेकडे विद्वत्तेची प्रतिष्ठा, मुद्रकाकडे यंत्रे आणि भांडवल, असे हे सहकार्य होते. १९०३ साली संपादक झालेल्या महावीरप्रसाद द्विवेदींनी सभेच्या शोध-अहवालावर टीका केली आणि १९०५ साली मासिकावरून सभेचे अनुमोदन निघून गेले. ‘सरस्वती’चे त्यामुळे काही बिघडले नाही, तिला आता अनुमोदनाची गरजच उरली नव्हती. सभेच्या ‘हिंदी शब्दसागर’लाही सरकार व संस्थानिकांचे साहाय्य लाभले. त्याच कोशाच्या भूमिकेतून १९२९ साली रामचंद्र शुक्लांचा इतिहास सिद्ध झाला, आणि याच इतिहासात ‘बनारस अखबार’च्या आश्रित भाषेवर टीका आहे!

५ सप्टेंबर १९२० रोजी शिवप्रसाद गुप्त यांनी ‘आज’ दैनिक सुरू केले, तेव्हा चित्र पालटले होते. ज्ञानमंडळाचा स्वतःचा छापखाना होता आणि खर्च गुप्त यांच्या खाजगी संपत्तीतून चाले. ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर (१८८३–१९५५) हे काशीत जन्मलेले महाराष्ट्रीय; बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर त्यांचे मामा. मराठी घर, बंगाली राजकीय संस्कार आणि हिंदी लेखन यांचा हा संयोग स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ असे शब्द रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. थत्त्यांची भाषा कचेरीकडे पाहत होती, तर पराडकरांची वाचकाकडे. १९३०च्या मुद्रणविषयक वटहुकुमाने सरकारने वृत्तपत्रांकडून जामीन मागितला, तेव्हा छापखाना हीच अडचण ठरली. यंत्र जप्त होऊ शकते, मालकाला दंड होऊ शकतो. त्या वर्षी काशीत गुप्तपणे निघालेल्या ‘रणभेरी’शी पराडकरांचे नाव निगडित आहे. तिच्यासाठी खिळे, जुळारी, टपालसवलत यांपैकी काहीच लागले नाही. ती चक्रमुद्रित पत्रिका होती आणि हातोहात वाटली जाई.