एक छायाचित्र आणि ग्विदिझोलोचा रस्ता

आल्फोन्सो द पोर्तागो हे नाव मला प्रथम भेटले ते एका छायाचित्राखाली. रोमच्या थांब्यावर फेरारीत बसलेला शर्यतपटू आणि त्याचे चुंबन घेणारी अभिनेत्री लिंडा ख्रिश्चन. तारीख १२ मे १९५७. त्यानंतर काही तासांतच तो गेला. त्या क्षणाला पुढे ‘मृत्यूचे चुंबन’ म्हटले गेले. बरीच वर्षे मीही त्या चित्रापाशीच थांबलो होतो.

पोर्तागोचा जन्म १९२८ साली लंडनमधला. घराणे स्पॅनिश सरदारांचे. स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो त्याचा धर्मपिता. ग्रँड नॅशनल या खडतर घोडेशर्यतीत तो हौशी जॉकी म्हणून दोनदा उतरला. १९५६च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्ले, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या दुहेरी शर्यतीत त्याचे कांस्यपदक ०.१४ सेकंदाने हुकले. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला त्याची फेरारी मध्येच पीटर कॉलिन्सच्या हाती गेली आणि दुसरा क्रमांक दोघांच्या नावे लागला. जागतिक अजिंक्यपदाच्या त्याच्या शर्यती अवघ्या पाच. कारकीर्द लहान, आख्यायिका मोठी.

‘मिल्ले मिलिया’ ही शर्यत ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशियाला यायची. सुमारे १६०० किलोमीटर, तीही रोजच्या वहिवाटीच्या रस्त्यांवरून. लोक कडेला दाटीने उभे असत. ग्विदिझोलोजवळच्या सरळ रस्त्यावर भरधाव फेरारीचा टायर फुटला. पोर्तागो आणि त्याचा साथीदार एडमंड नेल्सन तर गेलेच. कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षकही गेले. त्यांतली पाच मुले होती.

एन्झो फेरारींवर मनुष्यवधाचा खटला चालला. १९६१ साली ते निर्दोष सुटले. रस्त्यावरची ती वेगाची शर्यत मात्र त्या दिवसानंतर पूर्वीच्या रूपात पुन्हा झाली नाही.

या लेखासाठी जुनी टिपणवही उघडली, तेव्हा पोर्तागोवर माझी चाळीस पाने निघाली. घराणे, घोडे, मोटारी, प्रेमप्रकरणे. त्या मुलांवर एक ओळ, तीही ‘पाच’ या आकड्यापुरती. पोर्तागोने धोका स्वतः पत्करला होता. मुले नुसती मोटारी बघायला आली होती. चुंबनाचे चित्र जगाने जपले आणि मीही त्याच गर्दीत उभा राहिलो. इतिहास लिहिणाऱ्याने आधी रस्त्याच्या कडेला पाहावे, हे मला इतक्या उशिरा उमगले.