संग्राहकाची परीक्षा

वर्धा जिल्ह्यांत, नागपुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हिंगणघाट तालुक्यांत वडनेर हें गांव आहे. कपाशीच्या या मुलुखांत विहिरीवरील विजेचा पंप ऐन ओलिताच्या दिवसांत नुसता गुणगुणूं लागला आणि फिरेना, म्हणजे कारागीर बहुधा एकाच वस्तूकडे बोट दाखवितो : "कपॅसिटर गेला." डबीसारखी ती लहानशी वस्तु म्हणजेच जुन्या रेडिओवाल्यांचा कंडेन्सर, आणि शास्त्रग्रंथांतील संग्राहक किंवा धारित्र. ती खरोखरच निकामी झाली आहे कीं नाहीं, हें कसें ठरवावयाचें? कित्येक कारागीर तिला क्षणभर वीज देऊन दोन्ही टोंकें तारेनें जोडतात, आणि ठिणगी पडली तर ती चांगली असा निकाल देतात. हा निकाल अपुरा आहे आणि ही रीत जिवावर बेतणारी आहे. परंतु ती आजची नव्हे. तिचें वय सुमारें पावणेतीनशें वर्षांचें आहे.

इ. स. १७४५ मध्यें फॉन क्लाइस्ट यानें आणि १७४६ च्या आरंभीं हॉलंडांतील लायडन येथें मुशेनब्रूक या अध्यापकानें कांचेच्या भांड्यांत वीज सांठविण्याची युक्ति शोधून काढली. मुशेनब्रूकच्या अंगास असा दणका बसला कीं, फ्रान्सचें राज्य मिळालें तरी हा प्रयोग पुन्हां करणार नाहीं, असें त्यानें पॅरिसला लिहून कळविलें. त्याच वर्षीं नॉले नांवाच्या पंडितानें फ्रान्सच्या राजापुढें एकशेंऐशीं शिपाई हातांत हात देऊन उभे केले आणि भांड्यांतील वीज त्यांच्या अंगांतून सोडली. सगळे एकदम उडाले. त्या काळीं मनुष्याचें शरीर हेंच मापनयंत्र होतें. वीज आहे कीं नाहीं, एवढें तें सांगे. किती आहे, हें नेमकें सांगणें त्याच्या शक्तीबाहेरचें होतें.

चुकीच्या यंत्राची निवड किती महाग पडते, याचा धडा जगास १८५८ मध्यें मिळाला. त्या वर्षाच्या ५ ऑगस्ट रोजीं आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत समुद्राच्या तळाशीं तारायंत्राची तार टाकून झाली. आंत तांब्याची तार, तिच्याभोंवतीं गटापर्चाचें वेष्टन आणि बाहेर समुद्राचें पाणी. विचार केला असतां हें दोन हजार मैल लांबीचें लायडनचें भांडेंच होतें. एका टोंकास वीज दिली कीं ती आधीं या भांड्यांत भरे आणि मग पलीकडे हळूहळू प्रकट होई. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळचे लॉर्ड केल्व्हिन, यांनीं हें गणितानें आधींच दाखविलें होतें. दूरच्या टोंकाशीं येणारा क्षीण प्रवाह ओळखण्यासाठीं त्यांनीं एक नाजूक यंत्र योजिलें. लहानशा आरशास चुंबक चिकटविलेले, आणि आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका किंचित् प्रवाहानेंही पट्टीवर सरकावयाचा, अशी त्याची रचना होती.

कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाऊस हा मूळचा शस्त्रवैद्य. त्यास टॉमसनचें गणित मान्य नव्हतें. त्यानें मोठमोठीं वेटोळीं लावून सुमारें दोन हजार व्होल्टच्या दाबानें वीज सोडली. कारखान्यांतून निघतांनाच तारेच्या वेष्टनांत दोष राहिलेले होते. या दाबानें ते अधिकच बिघडले. राणी व्हिक्टोरियाचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश जावयास सुमारें सोळा तास लागले, आणि सप्टेंबरांत तार जवळजवळ मुकी झाली. तत्पूर्वीं तिनें एक काम मात्र केलें. हिंदुस्थानांतील १८५७ चा उठाव शमत आल्यामुळें कानडांतील दोन पलटणींची रवानगी रद्द करण्याचा हुकूम तिच्यावरून गेला, आणि त्यायोगें सुमारें पन्नास हजार पौंड वांचले असें सांगतात. परंतु कंपनीचें साडेतीन लक्ष पौंडांचें भांडवल समुद्रांत बुडालें. पुढें रीतसर चौकशी होऊन १८६१ मध्यें अहवाल प्रसिद्ध झाला. तार टाकण्यापूर्वीं व टाकतांना तिची मोजून परीक्षा झालीच पाहिजे, हें तेव्हांपासून सर्वमान्य झालें.

मोजावयाचें तर माप हवें. संग्राहकाच्या मापास फॅरडे या शास्त्रज्ञाच्या नांवावरून फॅरड हें नांव मिळालें आणि १८८१ मध्यें पॅरिसच्या परिषदेंत व्होल्ट, ओहम इत्यादि मापांबरोबर त्यावर शिक्कामोर्तब झालें. दरम्यान १८७० च्या फेब्रुवारींत ग्रेट ईस्टर्न हें प्रचंड जहाज मुंबईहून एडनकडे तार टाकीत निघालें, आणि त्याच वर्षीं मुंबई व लंडन समुद्रमार्गें जोडलीं गेलीं. जें व्हाइटहाऊसच्या दोन हजार व्होल्टांस साधलें नव्हतें, तें नाजूक यंत्र व मोजणीची शिस्त यांस साधलें.

विसाव्या शतकांत हा प्रश्न समुद्रांतून घराघरांत आला. मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र १९२७ मध्यें व नागपूरचें १९४८ मध्यें सुरू झालें. रेडिओबरोबर कंडेन्सर आले आणि त्यांची दुरुस्तीही आली. इंग्लंडांतील टपालखात्याचा एक अभियंता, मॅकॅडी, अनेक यंत्रें वाहून कंटाळला होता. अँपिअर, व्होल्ट व ओहम हीं तिन्ही मापें दाखविणारें एकच यंत्र त्यानें रचलें, आणि १९२३ पासून तें 'ॲव्हो' या नांवानें बाजारांत आलें. पुढें नाशिकास मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर तयार होऊं लागले.

अशा यंत्राचा कांटा कंडेन्सरास लावतांच झेप घेऊन हळूहळू परत येतो. परत न आला तर वस्तु आंतून जुळली. अर्ध्यावर थांबला तर ती गळते. मोठ्या कंडेन्सरावर हललाच नाहीं तर आंतील जोड तुटला. परंतु येथेंही मर्यादा आहेत. अगदीं लहान कंडेन्सरावर कांटा हललेला दिसत नाहीं. शिवाय यंत्रांतील घटमालेचा दाब थोडा. दोनशें व्होल्टांवर गळणारा कंडेन्सर तेथें निर्दोष ठरतो. आंतील द्रव सुकलेल्या कंडेन्सराची तऱ्हा तर याहून फसवी. त्याची सांठवण कित्येकदां बरोबर भरते, पण अंतर्गत रोध वाढलेला असतो. तो साध्या मल्टिमीटरास दिसत नाहीं. त्यासाठीं सेकंदास लाखभर वेळां दिशा पालटणारा सूक्ष्म प्रवाह सोडून रोध मोजणारा ईएसआर मीटर लागतो.

म्हणून यंत्र निवडतांना आधीं आपणांस कोणता प्रश्न विचारावयाचा आहे हें ठरवावें. किंमत मागाहून पाहावी. पंपाच्या कपॅसिटरास मायक्रोफॅरड मोजणारा अंकदर्शक मीटर बहुधा पुरतो. मात्र डबीवर छापलेला आंकडा त्याच्या कक्षेंत बसला पाहिजे. टीव्हीच्या किंवा चार्जरच्या मंडलासाठीं ईएसआर मीटर घ्यावा. दाबाखालीं होणारी गळती पाहावयाची तर तितक्या दाबाचें यंत्र हवें. आणि कोणतेंही यंत्र लावण्यापूर्वीं वीज बंद करून, कपॅसिटर मंडलापासून सोडवून, योग्य रोधांतून तो रिकामा करावा. पंप बंद असला तरी डबींत दडलेली वीज जागीच असते.

चांगला कपॅसिटर फेकला जातो तेव्हां पैसा जातो. वाईट कपॅसिटर चांगला ठरतो तेव्हां कधीं मोटार जळते, कधीं ओलिताची पाळी चुकते. ठिणगी फक्त 'आहे' एवढेंच सांगते; 'किती' व 'कसें' हें माप सांगतें. व्हाइटहाऊस हा कांहीं अडाणी मनुष्य नव्हता. परंतु आपल्या मतास विरोध करणाऱ्या मापाकडे त्यानें पाठ फिरविली, आणि त्याची शिक्षा त्याच्या एकट्यासच भोगावी लागली नाहीं.