श्वासाचा जमाखर्च

माणूस मिनिटाला साधारण बारा ते पंधरा वेळा श्वास घेतो. म्हणजे दिवसाकाठी अदमासे वीस हजार वेळा जमा आणि तितक्याच वेळा नावे. एकाच खात्यावर एका दिवसात चाळीस हजार नोंदी, त्याही रविवार, दिवाळी आणि पंधरा ऑगस्ट धरून! असं एक खातं आमच्या शाखेत उघडलं असतं तर सगळा स्टाफ बदलीचे अर्ज घेऊन मॅनेजरच्या केबिनबाहेर उभा राहिला असता. आणि खातेदार पाहावा तर निवांत. सर्दीनं नाक चोंदेपर्यंत आपलं असं काही खातं आहे, याचीच त्याला दाद नसते.

आपण मराठी माणसं दम धरतो, दम खातो, दम देतो, प्रसंगी दुसऱ्याचा दम काढतो. पण हा दम ठेवलेला असतो कुठे, याची चौकशी करत नाही. जेवणाआधी प्राण, अपान वगैरे पाच वायूंच्या नावानं पाच घास घेतले की पुढचं सगळं लक्ष आमटीकडे. योगशास्त्रानं पूरक, कुंभक आणि रेचक अशी व्यवस्थित खाती पाडून दिली आहेत. आमच्या भाषेत जमा, मुदत ठेव आणि नावे. पण आत गेलेल्या हवेचं नेमकं होतं काय, हे ऑडिट बाकीच होतं.

युरोपात या विषयावर गेलन या ग्रीक वैद्याचा शब्द शेवटचा. हा दुसऱ्या शतकातला. हृदय ही भट्टी, तिला थंड ठेवणारा पंखा म्हणजे फुप्फुसं, आणि हृदयाच्या मधल्या भिंतीला न दिसणारी छिद्रं असून रक्त त्यांतून पलीकडे जातं, असं तो सांगून गेला. पुढे चौदाशे वर्षं कारभार त्यावर चालला. मोठ्या साहेबांनी लिहिलंय ना, मग सही करा! तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस या अरब वैद्यानं भिंतीला छिद्रबिद्र काही नाही, रक्त फुप्फुसांतून फिरून येतं, असं स्वच्छ लिहिलं. पण ती फाइल युरोपातल्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचलीच नाही. १६२८ साली हार्वेनं रक्ताभिसरण सिद्ध केलं. मात्र धमनीतलं रक्त शिरेत कुठून शिरतं ते काही त्याला दिसलं नाही, आणि १६५७ साली तो वारला. चारच वर्षांनी, १६६१ साली, बोलोन्याच्या माल्पीगीनं बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर आत हवेच्या इवल्या पिशव्या आणि त्यांवर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं! माणसात अशा पिशव्या तीस कोटींहून अधिक असतात. सगळ्या उलगडून पसरल्या तर सत्तरएक चौरस मीटर भरतील. म्हणजे साडेसातशे चौरस फूट, अगदी दोन बेडरूमचा ब्लॉक. तो प्रत्येकाला छातीत घडी घालून मिळालेला आहे, आणि तोही हप्त्याशिवाय.

इथवर इमारत कळली. आतला व्यवहार कळायला मात्र हिशेबनीसच यावा लागला.

आंत्वान लाव्हाझिए हा रसायनशास्त्राचा जनक, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पण हा गृहस्थ पोटासाठी सरकारचे कर गोळा करणाऱ्या खाजगी कंपनीत भागीदार होता आणि पुढे पॅरिसच्या हुंड्या वटवणाऱ्या बँकेचा संचालकही झाला, हे कोणी सांगत नाही. मला तर सगळी गोम तिथेच दिसते. जितकं आत आलं तितकं कुठे ना कुठे बाहेर दिसलंच पाहिजे, हा त्याचा शास्त्रातला नियम म्हणजे सरळ ताळेबंद आहे. १७७४ साली इंग्लंडच्या प्रीस्टलीनं एक नवी हवा शोधली आणि पॅरिसला आला असता जेवणाच्या टेबलावर ते सांगून टाकलं. तिला ऑक्सिजन हे नाव देऊन खातं उघडलं ते लाव्हाझिएनं.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यानं आणि लाप्लासनं एक गिनी पिग बर्फानं वेढलेल्या भांड्यात बसवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उष्णतेनं तेरा औंस बर्फ वितळलं. मग त्या प्राण्यानं जितका कार्बनी वायू सोडला तितकाच निघेल एवढा कोळसा जाळून किती बर्फ वितळतं, तेही पाहिलं. आकडा साडेदहाच्या आसपास आला. श्वास घेणं म्हणजे मंद जळणंच, हे त्यातून ठरलं. राहिलेला अडीच औंसांचा फरक आमच्याकडे असता तर सस्पेन्स खात्यात टाकून मंडळी पाच-पन्नासची लोकल पकडायला पळाली असती. हा पठ्ठ्या मात्र मागेच लागला, आणि १७८५ साली त्यानं दाखवलं की आत गेलेला थोडा प्राणवायू शरीरात पाणी तयार करण्याकडे खर्च होतो. हे जळणं फुप्फुसातच होतं असं त्याला वाटे. ते खरं शरीरातल्या पेशीपेशीत होतं, हे पुढच्या शतकानं दुरुस्त केलं.

नंतर त्यानं सेगँ या आपल्या मदतनिसाच्या तोंडावर मुखवटा बांधून त्याला बसवलं, जेवू घातलं, पायानं पेडल मारायला लावलं. हे सगळं बाईसाहेबांनी, म्हणजे मारी-आन लाव्हाझिए यांनी, चित्रात उतरवलं आहे. कोपऱ्यात टेबलाशी बसून नोंदी लिहिणारी बाई त्या स्वतःच. कष्टात प्राणवायूचा खर्च कितीतरी वाढतो, हे या प्रयोगांतून निघालं. आणि इथे हा कर वसूल करणारा श्रीमंत माणूस अडखळला. त्यानं लिहिलं, की अंगमेहनत करणारा गरीब जास्त जाळतो आणि त्यालाच खायला कमी मिळतं. बसून राहणाऱ्याचा खर्च कमी आणि पुढ्यात पक्वान्नं. हे १७८९ साल. राज्यक्रांती हा हिशेब सुधारील अशी त्याला आशा होती.

क्रांतीनं त्याचाच हिशेब केला. कंपनीच्या भागीदारांवर ठेवलेल्या आरोपांत तंबाखूत जादा पाणी मारल्याचा एक होता. ८ मे १७९४ रोजी अठ्ठावीस जणांची मुंडकी उडवली, त्यांत जावई लाव्हाझिए आणि सासरा पोल्झ दोघेही. नवरा आणि बाप एकाच दिवशी गमावलेल्या त्या बाईनं नवऱ्याचे निबंध छापून १८०५ साली लोकांना वाटले.

यानंतर फुप्फुसांकडे वळला तो विम्याचा धंदा. लंडनचा जॉन हचिन्सन हा एका विमा कंपनीचा डॉक्टर. ग्राहक किती टिकेल हे त्याला पैसे भरून घेण्याआधी हवं होतं. पाण्यात उपडं तरंगतं भांडं आणि त्यात फुंकायची नळी, असं यंत्र करून त्यानं खलाशी, पोलीस, बंबवाले, पहिलवान, छापखान्यातले जुळारी, भिकारी आणि सभ्य गृहस्थ मिळून दोन हजारांवर माणसांना फुंकायला लावलं, आणि १८४६ साली आकडे छापले. छातीचा घेर मोठा म्हणून दम मोठा असं नसतं, दम उंचीबरोबर वाढतो, दर इंचाला आठ घनइंच. छाती काढून चालणाऱ्यांची यानं मोठीच पंचाईत झाली.

खात्यातले बारकावेही त्यानं लावून दिले. साध्या श्वासाला आपण अर्धा लिटर हवा उचलतो, ताकद लावली तर चार-साडेचार लिटरपर्यंत काढता येते. पण कितीही फुंकलं तरी लिटरभर हवा आत राहतेच. मिनिमम बॅलन्स! शिवाय प्रत्येक खेपेला दीडशे मिलिलिटर हवा पिशव्यांपर्यंत न पोचता वाटेतल्या नळ्यांतूनच परत येते. हे बँकेचं कमिशन समजावं.

फ्रीमन नावाचा एक अमेरिकन मुष्टियोद्धा होता, पावणेसात फुटांच्या वर उंच, नुसता राक्षस. हचिन्सननं १८४२ साली त्याचा दम मोजला तेव्हा आकडा जबर आला. दोन वर्षांनी मोजला तर पुष्कळच घटलेला. गडी वरून ठणठणीत दिसत होता. १८४५ साली तो क्षयानं गेला. स्टेथोस्कोपच्या आधी यंत्र बोललं होतं.

विमा कंपन्यांनी तरी ते फारसं मनावर घेतलं नाही. हचिन्सन १८५२ साली बायकामुलं मागे ठेवून सोन्याच्या नादानं ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८६१ साली फिजी बेटांवर वारला. त्याचं यंत्र मात्र, पाण्याचं भांडं टाकून आणि संगणकाला जोडून, आज दम्याच्या दवाखान्यात हजर असतं. नळी तोंडात धरलेल्या आजोबांना तिथली मुलगी ओरडून सांगत असते, "सोडा, सोडा, अजून सोडा, आजोबा, थांबू नका!" आणि आजोबा डोळे वटारून हातानंच खूण करतात की, अगं, खात्यात आता काढण्याजोगं काही उरलं नाही.