सुरखीपासून सिमेंटच्या धुळीपर्यंत



शाळेंत शिकवीत असतां मुलांना घेऊन मी अनेक वेळां बीबी-का-मकबरा पाहावयास गेलों. दर वेळीं कोणीतरी विचारीच, "गुरुजी, संगमरवर तर येथें संपला, मग पुढचें पांढरें काय?" तें चुन्याच्या गिलाव्याचें काम. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे जुन्या औरंगाबाद, येथील या सतराव्या शतकांतील वास्तूस संगमरवर मुख्यतः घुमटाला व भिंतींच्या खालच्या भागाला आहे.

चुन्याच्या जुन्या बांधकामांतील एक रीत आज मुद्दाम सांगावयाची आहे. साधा चुना ओलींत नीट घट्ट होत नाहीं. म्हणून भाजलेल्या विटा कुटून त्यांची भुकटी, म्हणजे सुरखी, त्यांत मिसळीत व तें मिश्रण घाणींत मळीत. भाजलेल्या मातींतील सिलिका चुन्याशीं संयोग पावते आणि असा चुना पाण्यांतहि घट्ट होतो. भट्टीवरची फुटकी वीटहि अशा रीतीनें भिंतींत कामास येई.

पुढें चुन्याची जागा सिमेंटनें घेतली. १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. चुनखडी व माती दळून भट्टींत भाजतांना उष्ण वायूंबरोबर बारीक धूळ धुराड्यांतून बाहेर पडूं लागली. कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड येथें ती संत्र्यांच्या बागांवर बसे. बागाईतदार न्यायालयांत गेले. तेव्हां फ्रेडरिक कॉट्रेल या रसायनशास्त्रज्ञाची युक्ति उपयोगास आली. धुराच्या वाटेंत विजेचा उच्च दाब ठेवला कीं धुळीचे कण विद्युद्भारित होऊन पत्र्यांना चिकटतात. १९१२च्या सुमारास ही योजना तेथें अमलांत आली. पुढें पहिल्या महायुद्धांत जर्मनीचा पोटॅश अमेरिकेस मिळेनासा झाला, तेव्हां याच धुळींतून खतासाठीं पोटॅश काढण्यांत आला. बागेची वैरीण शेताच्या कामीं आली!

सांपडलेली धूळ पुन्हां भट्टींत घालावी, हा सर्वांत सोपा उपाय. परंतु प्रत्येक फेरींत तींतील क्षार वाढत जातात. असे क्षार कांहीं जातींच्या खडीशीं संयोग पावून काँक्रीटला तडे पाडतात, हें टॉमस स्टँटन यांनीं १९४० सालीं दाखवून दिलें. म्हणून कांहीं धूळ बाजूस काढावीच लागते. रस्त्याखालची मऊ माती घट्ट करण्यास किंवा पाण्यांतील आम्ल मारण्यास ती उपयोगी पडते.

सुरखीचें काम आज दुसरीच एक धूळ करीत आहे. परळी वैजनाथसारख्या औष्णिक वीजकेंद्रांतून निघणाऱ्या कोळशाच्या राखेंतहि सिलिका असते. ती सिमेंटमध्यें मिसळतात. अशा राखेचा बांधकामांत उपयोग व्हावा म्हणून केंद्र सरकारनें १९९९ सालीं अधिसूचना काढली.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत सिमेंटचे मोठे कारखाने आहेत व त्यांच्या शेजारीं गांवें आहेत. धूळ पकडण्याची विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती कामास लावण्याची रीत तर सुरखीइतकी जुनी. जी धूळ कारखान्याच्या हिशेबांत जमा होत नाहीं, ती कोणाच्या तरी छातींत जमा होते, एवढें आपण विसरूं नये.